छोट्या फिल्म कॅमेऱ्याला ग्रिप कोणती लावावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात रोलचे कॅमेरे पुन्हा बाहेर निघाले आहेत. कुणाला आजोबांच्या कपाटात याशिका सापडते, कुणी पुण्याच्या जुन्या बाजारातून ऑलिंपस उचलतो. पहिले एकदोन रोल झाले की बहुतेकांची तक्रार एकच असते: कॅमेरा हातात नीट बसत नाही. त्यावर येत राहिलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. छोटा कॅमेरा म्हणजे इथे ३५ मिमीचा रोल घेणारा, लेन्स न बदलणारा, खिशात किंवा लहान पिशवीत मावणारा. तीच गोष्ट पुन्हा लिहिण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रिप म्हणजे नेमकं काय काय येतं त्यात?

चार वेगवेगळ्या गोष्टींना सरसकट ग्रिप म्हटलं जातं. पहिली म्हणजे कॅमेऱ्याच्या समोरच्या अंगाला, उजव्या हाताची बोटं जिथे येतात तिथे लावलेला उंचवटा. दुसरी म्हणजे पाठीमागे अंगठ्याला दिलेला टेकू. हा हॉट शूमध्ये (फ्लॅश बसवायच्या खाचेत) सरकवायचा असतो किंवा चिकटवायचा. तिसरी खालून ट्रायपॉडच्या आट्यात स्क्रूने बसणारी पट्टी, तिला उजवीकडे उभा उंचवटा असतो. चामड्याची अर्धी केस याच जातीची. चौथा मनगटी पट्टा. तो पकड वाढवत नाही, पण कॅमेरा पडू देत नाही, आणि बऱ्याच जणांना खरी गरज तेवढीच असते.

२. जुन्या कॅमेऱ्यांना मुळात ग्रिप का नव्हती?

साठ-सत्तरच्या दशकातले हे कॅमेरे गळ्यात अडकवायचे, आणि बहुतेक वेळा पूर्ण चामडी केसमध्येच राहायचे. केसचं चामडं हीच पकड. केस काढून नुसता कॅमेरा हातात घेतला की समोर सपाट पत्रा आणि गुळगुळीत रेक्झिन उरतं. ऐंशीच्या दशकात मोटरवर रोल पुढे नेणारे कॅमेरे आले, त्यांना बॅटऱ्यांसाठी जागा लागली, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांना उजव्या हाताशी फुगवटा आला. २०२४ साली आलेल्या पेन्टॅक्स १७ मध्येही समोरच्या फुगवट्यात बॅटरीच बसते.

१९७९ चा ऑलिंपस एक्सए मात्र वेगळ्या विचाराचा. ऑलिंपसचे रचनाकार योशिहिसा माइतानी यांनी तो केसशिवाय, लेन्सच्या टोपणाशिवाय खिशात टाकता यावा म्हणूनच बनवला. त्याचं सरकतं झाकण उघडलं की बाजूला जाऊन उजव्या बोटांना कड देतं. एक्सए वापरणाऱ्यांनी ग्रिप शोधण्याआधी बोटं त्या कडेवर टेकवून काही दिवस बघावं.

३. मला ग्रिप खरंच लागेल का, कसं ओळखू?

आधी तक्रार नेमकी काय आहे ते ठरवा, कारण तीन तक्रारी एकमेकींत मिसळतात. कॅमेरा पडेल अशी भीती वाटते? हात भरून येतो? की फोटो हलतात? पडण्याच्या भीतीवर मनगटी पट्टा हा उपाय (प्रश्न ४). हात भरून येत असेल तर अंगठ्याचा टेकू किंवा अर्धी केस (प्रश्न ५ आणि ११). फोटो हलत असतील तर ग्रिपचा उपयोग मर्यादितच (प्रश्न १३).

कॅमेऱ्याचं वजनही बघा. ऑलिंपस म्यू-टू बॅटरीशिवाय १३५ ग्रॅम, एक्सए सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. ऑलिंपस ट्रिप ३५ चारशेच्या घरात, कॅनोनेट क्यूएल१७ जी-थ्री सहाशेच्या वर, याशिका इलेक्ट्रो ३५ साडेसातशेच्या आसपास. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या कॅमेऱ्याला जाड ग्रिप लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो खिशात जातो म्हणून तुम्ही घेतलात. फुगवटा लावल्यावर तो खिशात जाणार नाही, आणि मग तो घरीच राहील. त्याला बोट घसरणार नाही एवढा पातळ खडबडीत पट्टा पुरतो. सहाशे ग्रॅमच्या वर मात्र टेकू किंवा केस यांचं काम पहिल्याच दिवशी कळतं.

४. पैसे एकाच गोष्टीला आहेत. मनगटी पट्टा घेऊ की ग्रिप?

पट्टा. बावधनच्या बगाडाला किंवा सांगलीत गणपती विसर्जनाच्या गर्दीत कोपराचा एक धक्का पुरतो. तिथे कितीही चांगली ग्रिप कॅमेरा वाचवत नाही.

पट्टा घेताना कॅमेऱ्याची कडी नीट बघा. बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांना एकच बारीक कडी असते आणि तिच्यातून जाड पट्टा ओवता येत नाही. आधी बारीक, विणलेली नायलॉनची दोरी ओवून तिला पट्टा जोडावा लागतो. मोबाईलच्या दुकानात मिळणारी दोरी हलक्या कॅमेऱ्याला चालते, पण तिचा प्लॅस्टिकचा खटका जोराने ओढून तपासा. तो सुटत असेल तर दोरी ठेवा आणि खटका काढून गाठ मारा. लोखंडी रिंग थेट कॅमेऱ्याला लावू नका. ती हलून हलून अंगावरचा रंग खाते. कित्येक जुन्या कॅमेऱ्यांच्या कडीखाली अर्धचंद्रासारखा पितळी घास दिसतो तो याचाच. रिंग लागणारच असेल तर तिच्याखाली चामड्याचा छोटा तुकडा घाला.

मनगटात अडकवल्यावर पट्टा इतकाच लांब हवा की बोट शटरच्या बटणावर सहज पोचेल आणि हात सोडला तर कॅमेरा गुडघ्यावर आपटणार नाही.

५. हॉट शूमध्ये बसणारा अंगठ्याचा टेकू फिल्म कॅमेऱ्याला चालतो का?

चालतो, पण बाजारातले बहुतेक टेकू डिजिटल कॅमेऱ्यांसाठी बनवलेले असतात आणि डिजिटलला रोल पुढे न्यायचा नसतो. त्यामुळे विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. रोल पुढे नेण्याची लिव्हर पूर्ण फिरते का? अर्ध्यात टेकूला अडली तर लिव्हर परत परत ओढावी लागते. मागचं झाकण पूर्ण उघडतं का? आणि टेकू व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीच्या, आड येतो का?

ट्रिप ३५ आणि एक्सए यांना लिव्हर नाही, मागे अंगठ्याने फिरवायचं चाक आहे. ते चाक अंगठा जिथे टेकतो तिथेच असल्यामुळे त्यांच्यावर टेकूला जागाच उरत नाही. एक्सएला तर हॉट शूही नाही. उलट लिव्हर असलेल्या काही कॅमेऱ्यांत ती किंचित बाहेर ओढून ठेवता येते आणि तिच्या पाठीला अंगठा छान टेकतो. तुमच्या कॅमेऱ्यात तसं होत असेल तर टेकूवर पैसे घालवू नका.

टेकू धातूचा असेल तर त्याच्या तळाला इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावून घ्या. हॉट शूमधला मधला बिंदू आणि कडेच्या पट्ट्या फ्लॅश उडवण्याच्या क्षणीच जोडल्या जाव्यात अशी रचना असते. धातूचा टेकू त्या कायमच्या जोडून टाकतो. बाजूच्या सॉकेटमधून वायरने फ्लॅश लावत असाल तर तो वायर लावताच उडेल आणि नंतर फोटोच्या वेळी उडणारच नाही. टेकू सैल बसत असेल तर व्हिजिटिंग कार्डाची पट्टी घालून घट्ट करा.

६. खालून स्क्रूने बसणारी ग्रिप घेताना काय बघायचं?

कॅमेरा उलटा करा आणि तळाशी काय काय आहे ते बघा. डिजिटलच्या ग्रिपवाल्यांना ज्या गोष्टींची चिंता नसते त्या फिल्म कॅमेऱ्यात तळाशी असतात. रिवाइंडचं, म्हणजे संपलेला रोल परत गुंडाळताना दाबायचं, बटण ट्रिप ३५, कॅनोनेट, इलेक्ट्रो ३५, एक्सए या सगळ्यांच्या तळाशी आहे. कॅनोनेट, इलेक्ट्रो आणि एक्सएच्या बॅटरीचं नाण्याने उघडायचं झाकणही तिथेच. एक्सएच्या तळाशी शिवाय बॅटरी तपासायचा आणि सेल्फ-टायमरचा छोटा खटका असतो. म्यू-टूचं अर्धवट रोल गुंडाळायचं बारीक बटणही तळाला.

या सगळ्यांवर पट्टी आली तर दर रोलला ग्रिप सोडवावी लागेल. घरी ते चालून जातं. कासच्या पठारावर वारं सुटलंय, पावसाची झिमझिम आहे, ३६ वा फोटो झाला आणि रोल गुंडाळायचा आहे, अशा वेळी स्क्रू ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही. म्हणून पट्टीला रिवाइंडच्या बटणासमोर भोक हवं, बॅटरीच्या झाकणासमोर खाच हवी, आणि स्क्रू नाण्याने किंवा बोटाने फिरणारा हवा. यातलं रिवाइंडचं भोक नसेल तर ती ग्रिप घेऊ नये. बॅटरी वर्षातून एखाद्या वेळी बदलते, रोल रोज संपू शकतो.

रोलाय ३५ साठी प्रश्न १५ बघा, त्याची गोष्ट वेगळी आहे.

७. ट्रायपॉडच्या आट्यात साधा स्क्रू चालतो का? हार्डवेअरच्या दुकानात काय मागायचं?

कॅमेऱ्याचा आटा पाव इंच व्यासाचा आणि इंचाला २० फेरे असलेला असतो. दुकानात "पाव इंची" किंवा "दोन सुती" मागा आणि इंची आट्यांचाच घ्या. आपल्याकडे मिळणारा पाव इंची व्हिटवर्थ स्क्रूही इंचाला २० फेऱ्यांचाच असतो. त्याच्या आट्याचा कोन किंचित वेगळा असला तरी तो हाताने अलगद बसतो. सहा मिलीमीटरचा स्क्रू मात्र घेऊ नका. तो ६.३५ ऐवजी ६ मिमी जाड असतो आणि त्याच्या आट्यांतलं अंतर १.२७ ऐवजी १ मिमी. एकदोन फेरे तो जातो, मग अडकतो, आणि जोर लावला की कॅमेऱ्याचे आटे कापले जातात. दुकानदार "हाच बसेल" म्हणाला तरी आधी ट्रायपॉडच्या नटाशी जुळवून बघा.

लांबी त्याहून महत्त्वाची. छोट्या कॅमेऱ्यातला आटा उथळ असतो. काडेपेटीतली काडी आत घालून खोली खुणेने मोजा, त्यात पट्टीची जाडी मिळवा, आणि एकूण लांबी त्यापेक्षा थोडी कमीच ठेवा. स्क्रू आत टेकल्यावरही पिळत राहिलात तर तळाचा पत्रा आतून वर ढकलला जातो, आणि त्याच्या पलीकडे रोलची जागा असते. प्लॅस्टिकच्या तळाला तडाही जातो. मध्ये रबरी किंवा चामड्याचा वायसर घाला आणि दोन बोटांच्या जोरावर थांबा.

८. ग्रिप चिकटवायची असेल तर कशाने?

निघू शकेल अशाच गोष्टीने. पातळ, फोमची दुहेरी टेप चांगली. गुळगुळीत धातूवर आणि प्लॅस्टिकवर ती घट्ट बसते, खडबडीत रेक्झिनवर कमी. लावण्याआधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, प्लॅस्टिक आणि छापील अक्षरं दोन्ही जातात. काढताना चाकूने उचकटू नये. डोक्याचे केस वाळवायच्या यंत्राने जरा ऊब द्या आणि मासेमारीची बारीक नायलॉन दोरी टेपच्या मधून करवतीसारखी ओढा.

फेविक्विक तर मुळीच नको. ते वाळताना त्याची वाफ आसपासच्या काळ्या प्लॅस्टिकवर आणि काचेवर पांढरी पावडर धरते. व्ह्यूफाइंडरच्या आत ती गेली तर कॅमेरा उघडल्याशिवाय निघत नाही.

कुठे चिकटवायचं नाही हेही लक्षात ठेवा: मागचं झाकण आणि अंग यांच्या सांध्यावर, रोल आहे की नाही ते दाखवणाऱ्या खिडकीवर, आणि सरकतं झाकण जिथून जातं त्या वाटेवर. झाकण असलेल्या कॅमेऱ्यावर ग्रिप आधी नुसती धरून झाकण पूर्ण उघडा, पूर्ण मिटा, आणि मगच टेपचा कागद काढा.

९. साताऱ्यात किंवा सांगलीत बसून स्वस्तात काय करता येईल?

खेळाच्या सामानाच्या दुकानात जा आणि बॅडमिंटनच्या रॅकेटची वरून गुंडाळायची ग्रिप घ्या. ती साधारण इंचभर रुंद असते, अर्धा-पाऊण मिलीमीटर जाड, घामातही घसरत नाही, आणि एका पट्ट्यातून पाच-सहा कॅमेरे होतात. माझ्या मते हलक्या कॅमेऱ्याला याहून चांगला इलाज नाही. काम असं करा. उजव्या हाताची मधली दोन बोटं जिथे टेकतात ती जागा पेन्सिलीने खुणा करून घ्या. तिथे बसेल एवढा उभा तुकडा कापा. नखं कापायच्या कात्रीने चारही कोपरे गोल करा, हे विसरू नका, कारण टोकदार कोपराच आधी उचकटतो आणि खिशातला कचरा धरतो. खाली दुहेरी टेप लावून बसवा, वरून जाड पुस्तक ठेवून रात्रभर दाबून ठेवा. दुसरा छोटा तुकडा मागे अंगठ्याला.

बॅटच्या मुठीवरचं रबर उभं चिरून लावायची कल्पनाही बऱ्याच जणांना सुचते. ते जाड होतं, आणि सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवलं तर त्यातलं द्रावक रंग आणि प्लॅस्टिक खातं. सायकलच्या ट्यूबचं काळं रबर चंदेरी कॅमेऱ्यावर डाग सोडतं. दोन्ही टाळा.

१०. एम-सीलची ग्रिप स्वतः हाताने घडवली तर?

सहाशे ग्रॅमच्या वरच्या कॅमेऱ्याला चालेल. पण एम-सील थेट कॅमेऱ्यावर लावू नका, ते परत निघत नाही. आधी कॅमेरा स्वयंपाकघरातल्या पातळ चिकटणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळा. वर एम-सीलचा गोळा ठेवा आणि फोटो काढताना जशी पकड असते तशीच पकड घ्या. हात ओला ठेवा म्हणजे चिकटणार नाही. बोटांचे खळगे उमटले की सोडा आणि पूर्ण वाळू द्या. मग काढून पॉलिश पेपरने घासा आणि दुहेरी टेपने बसवा. खळगे फार खोल करू नका. थंडीत, घाईत, उभा फोटो घेताना हात थोडा वेगळा बसतो आणि खोल खळगे बोटांना दुसरीकडे जाऊ देत नाहीत. लाकडाच्या कामाची सवय असेल तर सागाचा तुकडा याच पद्धतीने घासून केलेला हलका आणि जास्त सुबक होतो.

११. चामड्याची अर्धी केस बरी का?

मध्यम आणि जड कॅमेऱ्याला हातात सगळ्यांत आरामशीर तीच वाटते. कॅमेरा थोडा जाड होतो, कडा बोचत नाहीत, टेबलावर ठेवताना तळ वाचतो. आपल्याकडे चामड्याचे कारागीर आहेत. नमुना म्हणून जुनी फाटकी केस घेऊन गेलात तर काम सोपं होतं. त्यांना तीन गोष्टी सांगून ठेवा: तळाला रिवाइंडच्या बटणाची आणि बॅटरीची जागा कापायची, शिवण कॅमेऱ्याच्या अंगाला आतून लागता कामा नये, आणि मागचं झाकण केस न काढता उघडायला हवं असेल तर मागची कड खाली ठेवायची.

जून ते सप्टेंबर ही केस वापरू नका. साताऱ्याच्या पावसात चामडं ओल धरतं, त्यावर बुरशी येते, आणि तीच पुढे लेन्सच्या काचेवर जाते. कॅमेरा जुन्या चामडी केसमध्ये घालून कपाटात ठेवणं ही लेन्स बिघडवण्याची खात्रीची वाट. पावसाळ्यात केस वेगळी, कोरड्या जागी ठेवा आणि कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात.

१२. थ्रीडी प्रिंट केलेली ग्रिप टिकते का?

पीएलए या थ्रीडी प्रिंटच्या नेहमीच्या प्लॅस्टिकची उन्हात टिकत नाही. साधारण ६० अंशांच्या आसपास पीएलए मऊ पडतं, आणि सांगलीत एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढी उष्णता सहज होते. ग्रिप वाकते आणि स्क्रूचं भोक सरकतं. पीईटीजी या दुसऱ्या प्लॅस्टिकमध्ये प्रिंट करून घ्या, ते ८० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. कडा गोल ठेवायला सांगा, आणि कॅमेऱ्याला लागणाऱ्या बाजूला पातळ फेल्ट चिकटवा, नाहीतर प्रिंटच्या रेघा रंगावर ओरखडे काढतात. नाजूक माप पहिल्या प्रिंटमध्ये क्वचितच बरोबर येतं, म्हणून आधी पुठ्ठ्यावर तळाचा नकाशा कापून रिवाइंड, बॅटरी आणि स्क्रूच्या जागा पक्क्या करा.

१३. ग्रिप लावली की फोटो हलायचे थांबतील का?

थोडे कमी होतील, थांबणार नाहीत. या कॅमेऱ्यांत आरसा उडत नाही आणि शटर लेन्समध्येच असतं, त्यामुळे कॅमेऱ्याचा स्वतःचा धक्का नगण्य. फोटो हलतो तो बटण दाबताना. हलका कॅमेरा बोटाच्या जोराने खाली झुकतो. अंगठ्याला मागून टेकू मिळाला तर तो झुकाव कमी होतो, म्हणून या कामाला समोरच्या फुगवट्यापेक्षा मागचा टेकू जास्त उपयोगी.

३५ मिमीच्या लेन्सला हातात धरून १/३० सेकंद ही साधारण मर्यादा. ट्रिप ३५ ला वेग दोनच, १/४० आणि १/२००, त्यामुळे तो या बाबतीत बऱ्यापैकी निर्धास्त. इलेक्ट्रो ३५ मध्ये वेग १/३० च्या खाली गेला की पिवळा दिवा लागतो. तो दिसला की टेका शोधा. म्यू-टूचा फ्लॅश बंद केला तर तो अंधारात ४ सेकंदांपर्यंत शटर उघडं ठेवतो, आणि तेव्हा कुठलीच ग्रिप कामाची नाही. मेणवलीच्या घाटावर संध्याकाळी फोटो काढताना दगडी कठड्यावर कॅमेरा टेकवा आणि सेल्फ-टायमर लावा.

१४. शटरच्या बटणावर लावायचं गोल बटण घ्यावं का?

ज्या कॅमेऱ्याच्या बटणात केबल रिलीजसाठी (हात न लावता शटर दाबायच्या तारेसाठी) आटे आहेत त्यालाच ते बसतं: कॅनोनेट, ट्रिप, इलेक्ट्रो, रोलाय. एक्सए आणि म्यूला आटेच नाहीत. बोट मोठं असेल किंवा बटण खोलवर असेल तर उपयोग होतो. पण पिशवीत ते दाबलं जातं आणि फ्रेम फुकट जाते; रोलच्या आजच्या किमतीत ते परवडत नाही. लावलंत तर रोल फोटो घ्यायच्या आधी पुढे न्या, फोटो झाल्यावर लगेच नको. आणि आट्याला टेपचा बारीक तुकडा लावा, ही बटणं सैल होऊन पडतात.

१५. रोलाय ३५ ला कुठलीच ग्रिप का बसत नाही?

कारण १९६६ च्या त्या कॅमेऱ्यात जागा वाचवण्यासाठी सगळं तळाला नेलं आहे. हॉट शू खाली, रिवाइंडचा दांडा खाली, फोटो मोजणारं चक्र खाली, झाकणाची कुलूपकळ खाली. मागचं झाकण तळासकट खाली ओढून पूर्ण वेगळं होतं. त्यामुळे खालून पट्टी लावली तर रोल घालता येत नाही आणि मागून अंगाला जोडून काही चिकटवलं तर झाकण निघत नाही. शिवाय रोल पुढे नेण्याची लिव्हर डाव्या हाताला आहे. उरते ती समोरची, उजव्या बोटांखालची छोटी जागा. तिथे प्रश्न ९ मधला पातळ पट्टा आणि जोडीला मनगटी पट्टा. याहून जास्त काही त्याला लावू नका.

१६. ट्रिप ३५ वर माझे काही फोटो काळपट येतात. ग्रिपचा संबंध आहे का?

काळपट फोटोंशी नाही; उजळ-पांढुरके येत असतील तर पकडीचा संबंध असू शकतो, आणि तिथे ग्रिप उपायही ठरू शकते. ट्रिपच्या लेन्सभोवती जे दाणेदार कडं दिसतं ते सेलेनियमचं प्रकाशमापक आहे, त्याला बॅटरी लागत नाही. बोट त्याच्यावर आलं की कॅमेऱ्याला उजेड आहे त्यापेक्षा कमी वाटतो आणि तो झडप जास्त उघडतो, म्हणजे फोटो खरं तर जास्त उजळ येतो. अंधूक जागी लाल झेंडी वर येऊन शटर अडतं. फोटो काळपट येत असतील तर बोटाला दोष देऊ नका: रोलच्या वेगाचा आकडा (आयएसओ) कड्यावर बरोबर लावला आहे का आणि उजेड समोरून तर येत नव्हता ना, ते आधी तपासा. उजळ-पांढुरके फोटो येत असतील तर मात्र उजव्या बाजूला, लेन्सपासून दूर पातळ पट्टा लावा. बोटं आपोआप तिथे थांबतात आणि कड्याकडे जात नाहीत.

१७. हाफ-फ्रेम कॅमेऱ्याला ग्रिप निवडताना वेगळं काही?

हो. हाफ-फ्रेममध्ये एका फोटोच्या जागेत दोन फोटो बसतात. ऑलिंपस पेन, पेन्टॅक्स १७ किंवा कोडॅक एक्टार एच३५ सरळ धरला की फोटो उभा येतो. कासचं पठार किंवा सांगलीचा आयर्विन पूल आडवा घ्यायचा तर कॅमेरा उभा धरावा लागतो. त्या वेळी उजवा हात वर किंवा खाली जातो आणि समोरचा फुगवटा बोटांच्या ऐवजी तळव्यात येतो. म्हणून ग्रिप दुकानातच दोन्ही दिशांनी धरून बघा. उभ्या धरण्यात बोचणारी ग्रिप हाफ-फ्रेमला निरुपयोगी.

१८. मी डावखुरी आहे / माझा अंगठा दुखतो. काही सोय?

शटरचं बटण जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांत उजवीकडेच असतं, त्यामुळे डावखुऱ्यांनी वजन डाव्या हातावर घ्यावं: डाव्या तळव्यावर कॅमेरा ठेवा, उजवं बोट फक्त बटणापुरतं. त्यांना उजवीकडच्या उंचवट्यापेक्षा तळाला लावलेलं पातळ खडबडीत रबर जास्त कामाचं. एक्सएला डावीकडे जोडायचा ए-११ फ्लॅश असेल तर तोच डाव्या हाताला चांगली पकड देतो.

अंगठा किंवा बोटांचे सांधे दुखत असतील तर पिस्तुलाच्या मुठीसारखी ग्रिप बघा. ती ट्रायपॉडच्या आट्यात बसते आणि घोड्यातून केबल रिलीज वर शटरच्या बटणापर्यंत जाते. मूठ वळवून धरायची असल्याने अंगठ्यावर ताण येत नाही. अट एकच: बटणात केबलचे आटे हवेत (प्रश्न १४). अशा व्यक्तीने कॅमेराच नव्याने घ्यायचा असेल तर हाताने रोल पुढे न्यायचा न घेता मोटरचा घ्यावा, कारण अंगठ्याचं खरं काम लिव्हर ओढण्याचं असतं.

१९. यात्रेत भंडारा, पावसात चिखल. ग्रिपची काळजी कशी घ्यायची?

पालच्या खंडोबाच्या यात्रेत उधळलेला भंडारा फेल्टमध्ये, चामड्याच्या शिवणीत आणि ग्रिपच्या कडेखाली जाऊन बसतो. ओल्या फडक्याने पुसलात तर पिवळा डाग कायमचा. आधी कोरड्या, मऊ ब्रशने झाडा, फुंकणीने उडवा, मगच पुसा. अशा ठिकाणी चामड्याची केस काढून ठेवा आणि तळावरची पट्टी असेल तर घरी आल्यावर सोडवून खाली बघा; बॅटरीच्या झाकणाच्या आट्यात हळद अडकली तर पुढच्या वेळी नाणं फिरत नाही. पावसात भिजल्यावर हॉट शूमधला टेकू काढून आतलं पाणी टिपा. बॅडमिंटनची ग्रिप मळली की धुवू नका, नवीन तुकडा कापा.

२०. कॅमेऱ्याचं जुनं रेक्झिन सुटलंय किंवा रबर चिकट झालंय. त्यावरच ग्रिप लावू?

नको. सुटलेल्या रेक्झिनवर लावलेली ग्रिप रेक्झिनसकट हातात येते. आधी रेक्झिन पुन्हा नीट चिकटवून घ्या किंवा तो भाग बदला. नव्वदीतल्या काही कॅमेऱ्यांवरचा मऊ रबरी थर वयाने चिकट होतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने थोडा थोडा करत पुसून काढता येतो, खालचं प्लॅस्टिक गुळगुळीत उघडं पडतं, आणि मग त्यावर प्रश्न ८ मधली टेप व्यवस्थित धरते. पुसताना अल्कोहोल फडक्यावर घ्या, कॅमेऱ्यावर ओतू नका. ते बटणांच्या फटीतून आत जातं.

२१. उद्या कॅमेरा विकायचा झाला तर ग्रिपमुळे किंमत वाढते का?

मूळ कंपनीची ग्रिप किंवा केस असेल तर घेणाऱ्याला आवडते. तिचा डबाही ठेवा. बाहेरून लावलेल्या ग्रिपने किंमत वाढत नाही, आणि चिकटवलेल्या ग्रिपखालचा रंग निघाला तर कमी होते. अंगाला भोक पाडून स्क्रूने बसवलेली ग्रिप असलेला कॅमेरा मी तरी विकत घेणार नाही, कारण त्या भोकातून उजेड आत येतो की नाही हे रोल धुऊन आल्याशिवाय कळत नाही.